देणं राहिलेल्यांचा महिना

ऑक्टोबरच्या एकतीस रात्री एकतीस भयपट, आणि प्रत्येकात मेलेलं कुणीतरी उठून चालू लागलेलं, असा बेत अमेरिकेतले हौशी प्रेक्षक दरवर्षी आखतात. ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतो, त्याची ही महिनाभराची तयारी. ओटीटीमुळे हा बेत आता नाशिकच्या फ्लॅटमध्येही जमण्यासारखा झाला आहे, आणि तुमच्या मनात तो असेल तर जरूर करा. फक्त तिकडची यादी जशीच्या तशी उचलू नका. त्या याद्या बहुतेक वेळा प्रकारवारीनं लावलेल्या असतात. एक आठवडा रक्तपिपासूंचा, एक झॉम्बींचा, एखादा ममींचा. या क्रमानं बघत गेलं की दहाव्या दिवशी सगळे सुळे आणि सगळे कुजलेले चेहरे सारखेच वाटू लागतात, आणि पंधराव्या दिवशी बेत बारगळतो. माझं म्हणणं असं, की आपण आपला क्रम एका प्रश्नावर लावावा. या मेलेल्याचं काय राहून गेलं होतं, आणि ते कुणाकडून राहिलं? हा प्रश्न हाताशी धरला की १९२२ चा जर्मन मूकपट आणि २०२२ चा मराठी चित्रपट एका ओळीत बसतात. शिवाय हा प्रश्न नाशिककराला कुणी शिकवावा लागत नाही.

नाशिकच्या रामकुंडावर वर्षभर अस्थी येतात, काठावर दशक्रिया विधी होतात, आणि पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणारी माणसं तिथं रोज दिसतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरतात. मग नातेवाईक एकेक करून पुढं होतात. मुलीचं लग्न आम्ही लावून देऊ, म्हातारीला सांभाळू, शेताचा वाद मिटवू, असे शब्द देतात. एवढं करूनही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात. तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरात नारायण-नागबळीचा तीन दिवसांचा विधी होतो. अपघातात, आत्महत्येनं किंवा अशाच अकाली मरणानं गेलेल्या माणसासाठी पिठाचा पुतळा करून त्याला रीतसर अग्नी देतात. वर्षानुवर्षं ज्यांचं श्राद्ध झालं नाही त्यांच्यासाठी त्रिपिंडी असते. या विधींचं फळ मिळतं की नाही हा श्रद्धेचा विषय आहे, आणि तो या लेखाचा नाही. पण त्यामागची कल्पना नीट बघा. मेलेला माणूस दुष्ट आहे म्हणून परत येत नाही. त्याचं कुणीतरी काहीतरी द्यायचं राहिलं म्हणून तो अडकतो. पितृपक्षही ऑक्टोबरच्या आसपासच असतो. २०२३ ची सर्वपित्री अमावास्या १४ ऑक्टोबरला होती, २०२४ ची २ ऑक्टोबरला. म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायचा काळ आपल्याकडेही साधारण हाच आहे.

आपल्या भुतांची नावं बघितली तरी हेच दिसतं. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. धनावर जीव ठेवून मेला तो समंध. बुडून मेला तो गिऱ्हा, तो पाण्यातच राहतो. यातलं एकही नाव रूपावरून पडलेलं नाही. प्रत्येक नाव मरणाच्या परिस्थितीवरून पडलं आहे, म्हणजे नावातच तक्रार नोंदवलेली आहे. यात समाजाचा खोटेपणाही आहे, तो झाकू नये. बाळंतपणात बाई जाते ती बहुतेक वेळा हेळसांडीनं, आणि मग तिलाच हडळ म्हणून भ्यायचं, ही अपराधी मनाची पळवाट आहे. पण पळवाट शोधावी लागते याचाच अर्थ देणं ठाऊक असतं. वेताळाचं तर आणखी वेगळं. वेताळ पंचविशीत राजा विक्रम झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून चालतो, आणि त्या प्रेतातला वेताळ त्याला काय विचारतो? दरवेळी एक गोष्ट सांगतो आणि न्याय मागतो. यात खरा हक्क कुणाचा, दोष कुणाचा, मोठेपणा कुणाचा? शेवटी तोच राजाला कपटी योग्याच्या हातून वाचवतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला हाच वेतोबा गावाचा राखणदार आहे आणि लोक त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो अशी समजूत आहे. चालतं प्रेत म्हणजे केवळ किळस, ही समजूत आपली नाही. आपल्याकडचं प्रेत प्रश्न विचारतं.

सिनेमाच्या बाबतीतही नाशिकचा या विषयाशी संबंध पहिल्यापासूनचा आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्या कथेचा शेवट स्मशानात होतो. स्वतःच्या मुलाचं प्रेत समोर असतानाही हरिश्चंद्र मालकाचं देणं सोडत नाही, आणि मग मुलगा उठतो. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले, आणि १९१४ साली त्यांनी ‘सत्यवान सावित्री’ दाखवला. तीही मेलेला नवरा यमाकडून परत आणणाऱ्या बाईची गोष्ट. आज तो बघायला मिळत नाही, ही मराठी प्रेक्षकाची मोठी हानी आहे. भारतीय पडद्यावर मेलेलं माणूस अगदी सुरुवातीलाच उठलं, आणि दोन्ही वेळा ते उठलं शब्द पाळल्यामुळे. भयपट म्हणून या दोन्ही चित्रपटांकडे कुणी बघत नाही. पण आपल्या महिन्याच्या आरंभी ‘राजा हरिश्चंद्र’चा जो काही भाग आज उपलब्ध आहे तो बघून घ्यावा. वेळ फार लागत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर तोलून बघता येतं.

आता प्रत्यक्ष बेताकडे. एकतीस चित्रपट बघू नका. चौदा-पंधरा पुरेत, आठवड्याला तीन-चार. भीती ही चित्रपट संपल्यानंतर कामाला लागते. दिवा मालवल्यावर, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, जिन्यावरून उतरताना. रोज नवा चित्रपट लावला तर आदल्या दिवशीच्याला ती संधीच मिळत नाही. आपल्याकडचा ऑक्टोबर मोकळाही नसतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची छाटणी याच दिवसांत चाललेली असते, आणि छाटणीनंतर डावणी रोगाच्या भीतीनं फवारणीचे ट्रॅक्टर वेळी-अवेळी सुरू असतात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी शनिवारची एकच रात्र धरावी. मुलांची सहामाही परीक्षा असते. नवरात्रात संध्याकाळ देवीची आणि गरब्याची असते, त्या नऊ दिवसांत घरच्यांचा विरोध ओढवून घेण्यात काही अर्थ नाही, सुट्टी द्यावी. कोजागरी मात्र ऑक्टोबरात आली तर सोडू नका. ती रात्र जागण्यासाठीच आहे, आणि आटीव दुधाबरोबर दोन चित्रपट सलग होतात. कुठला चित्रपट कोणत्या ओटीटीवर आहे ते महिन्यागणिक बदलतं, म्हणून सप्टेंबरअखेर यादी करून शोधून ठेवा. चोरीच्या प्रतींच्या वाटेला जायची गरज नाही. ‘नोस्फेराटू’ आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हे दोन्ही अमेरिकेत सार्वजनिक मालकीचे झाले आहेत आणि सहज मिळतात.

सुरुवात ज्यांचं शेवटचं कार्य नीट झालं नाही त्यांच्यापासून करा. १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा रामसे बंधूंचा चित्रपट. पैशासाठी काटा काढून पुरलेला नवरा परत येऊन उभा राहतो. महाबळेश्वरात थोड्याशा पैशांत उरकलेलं हे काम आज कच्चं वाटतं, मेकअप तर फारच. तरी बघा, कारण हिंदी पडद्यावर पुढची दोन दशकं चाललेली रामसे परंपरा इथं उभी राहिली. त्याच्या जोडीला हाँगकाँगचा १९८५ चा ‘मिस्टर व्हॅम्पायर’ लावा. त्यात एका धनिकाच्या बापाला चुकीच्या तऱ्हेनं पुरलेलं असतं, आणि तो ताठ हातांनी उड्या मारत उठतो. कपाळावर पिवळा मंतरलेला कागद चिकटवून प्रेतांची रांग गावाकडे नेणारा पुरोहित तिथं आहे. परमुलखात मेलेल्याला आपल्या मातीत पोचवलं पाहिजे ही त्यामागची चिनी समजूत, आणि त्र्यंबकला पिठाचा पुतळा घेऊन बसलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. मग आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’, २०२४ चा. कोकणातला, हिंदीत बोलणारा, पण मुंडण केलेल्या पोराचा हट्ट अस्सल मराठी. मुंजाची कल्पना त्यांनी लग्नाच्या हट्टाभोवती गुंफली आहे. मला त्यातला विनोद काही ठिकाणी पातळ वाटतो. पण जुना हट्ट पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसतो हे सूत्र त्यांनी नेमकं पकडलं आहे.

दुसरा आठवडा कष्टाच्या देण्याचा ठेवा, आणि माझ्या मते हाच या महिन्याचा गाभा आहे. झॉम्बी हा शब्द आज कुठल्याही रक्ताळलेल्या घोळक्याला लावतात. मुळात तो हैतीचा. हैतीतल्या ऊसमळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी कष्ट उपसले, उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. त्या देशाच्या लोककथेतला झॉम्बी कुणाला खात नाही. तो राबतो. मेल्यानंतर तरी सुटका होईल ही गुलामाची शेवटची आशा, आणि तीसुद्धा हिरावून घेतली जाईल ही त्याची शेवटची भीती. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजा हैतीत ठाण मांडून होत्या, त्या काळात ही कथा अमेरिकेत पोचली, आणि १९३२ मध्ये ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट निघाला. त्यात साखरेच्या कारखान्याचा एक प्रसंग आहे. निर्जीव डोळ्यांची माणसं लाकडी चरक फिरवत आहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो, आणि बाकीचे थांबत नाहीत. संगीत नाही, किंकाळी नाही, फक्त चरकाची करकर. चित्रपटाचा बाकी भाग जुनाट आणि नाटकी आहे, पण हे दृश्य विसरता येत नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तर येऊच नये. दसरा-दिवाळी सरली की बीड, नगर, जालना भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत हंगामातून सुटका नसते. त्या जित्याजागत्या, लेकराबाळांच्या माणसांना कुणी प्रेतं म्हणू नये, आणि मी म्हणत नाही. म्हणायचं इतकंच, की ऊस, उचल आणि न फिटणारं काम यांतून ही भीती जन्मली, आणि ती आपल्याला परकी नाही.

याच आठवड्यात मती दिओप यांचा ‘अटलांटिक्स’ बघा, २०१९ चा. डाकारमध्ये एक उंच इमारत उभी करणाऱ्या पोरांना कित्येक महिने मजुरी मिळत नाही. ती होडीतून स्पेनकडे निघतात आणि समुद्रात जातात. मग एका रात्री त्यांनी झपाटलेल्या मोहल्ल्यातल्या मुली डोळे पांढरे करून बिल्डरच्या दारात उभ्या राहतात आणि पगार मागतात. रक्त नाही, सुळे नाहीत, नुसती थकबाकीची मागणी. अलीकडच्या भयपटांत मला हा सर्वांत थोर वाटतो. त्याला विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ जोडा. २०१७ चा हा मराठी चित्रपट उसाच्या फडात घडतो. गरोदर पूजा सावंतला वाट सापडत नाही, कारण चारी बाजूंना ऊस एकसारखा. त्यातली पोरं भुतं आहेत, पण भयाचं मूळ मुलगी नको म्हणणाऱ्या घरांत आहे. हडळीबद्दल मागं जे म्हटलं, त्याचा हिशेब हा चित्रपट उलटा मांडतो. भ्यायचं ते कुणाला, हे प्रेक्षकाला ठरवायला लावतो.

तिसरा गट ज्यांना सोडवत नाही त्यांचा. १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ इथं ठेवा. काउंट आपल्या मुलखातली माती पेट्यांत भरून गाव बदलतो, आणि त्याच्यामागून उंदीर आणि साथ येते. ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या पत्नीनं कथा चोरल्याचा दावा केला, कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितलं, तरी काही उरल्या. त्यानंतर ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला, आणि त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यातली म्हातारी मरत नाही. देहातून झाड फुटलं तरी जीव जात नाही. आपल्या समंधाचं याहून नेमकं चित्र पडद्यावर नाही. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ तो ओलांडतो आणि प्रत्येक पिढी बापाची हाव वारशात घेते. महेश कोठारेंचा १९९३ चा ‘झपाटलेला’ या जड जेवणानंतर घ्या. मरणाच्या दारातून मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवतो, रामदास पाध्यांनी बनवलेला तो बाहुला आजही डोळ्यांत डोळे घालून बघतो, आणि देह सोडायला तयार नसलेल्या माणसाची गोष्ट म्हणून तो या गटात चोख बसतो.

इथं जाणकार प्रेक्षक आडवा येईल, आणि त्यानं यावं. तो म्हणेल, तुमचा हा देण्याचा हिशेब जॉर्ज रोमेरोच्या प्रेतांना लावून दाखवा. १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ दाखवला गेला, आणि आजचा सगळा झॉम्बी सिनेमा तिथून निघतो. त्यातली प्रेतं काहीही मागत नाहीत. त्यांना आठवण नाही, नाव नाही, सूड नाही. ती का उठली याचंही धड उत्तर नाही, शुक्राकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाचा एक उल्लेख सोडला तर. त्यांना फक्त खायचं आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्यानं माझा मुद्दा काही प्रमाणात मोडतो हे मान्य केलं पाहिजे. पण त्या घरात अडकलेल्यांकडे बघा. बेन हा काळा तरुण सर्वांत शहाणा आहे, आणि रात्रभर त्याला इतरांचा दुराग्रह सहन करावा लागतो. तो रात्र काढतो. सकाळी त्याला सोडवायला आलेली बंदूकधारी गोऱ्यांची टोळी त्यालाच प्रेत समजून गोळी घालते आणि आकड्यानं ओढून चितेवर टाकते. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. मेलेले काही मागत नसले, तर मागणी जिवंतांमध्ये शोधावी लागते. म्हणून माझा प्रश्न मी या चित्रपटांपुरता असा बदलतो: संकट आल्यावर कुणी कुणाचं देणं नाकारलं? कोरियाचा ‘ट्रेन टू बुसान’ आणि सरपोतदारांचाच २०२२ चा मराठी ‘झोंबिवली’ या प्रश्नावर चोख उतरतात. डोंबिवलीतला टॉवर आणि शेजारची वस्ती, दरवाजा कुणासाठी उघडायचा आणि कुणासाठी नाही, आणि साथीच्या मुळाशी पाणी. याउलट ‘२८ डेज लेटर’ कितीही चांगला असला तरी यंदा बाजूला ठेवा. त्यातली माणसं मेलेली नाहीत, आजारी आहेत.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. भुताखेतांचे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात, तेही ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तिथं. हा आक्षेप हलका समजू नये. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला, आणि अंगातलं भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, कोंडणं, छळणं हा त्यात गुन्हा आहे. तरी माझं उत्तर असं की अंधश्रद्धा भूत दाखवण्यानं वाढत नाही, भुताचा इलाज विकण्यानं वाढते. जो चित्रपट शेवटी मांत्रिकाला विजयी करून सोडतो आणि पीडिताचं काय झालं ते विसरतो, तो यादीतून काढा. अशा चित्रपटांची हिंदीत कमी नाही, आणि रामसेंच्या चित्रपटांपैकी याच कारणानं मी एकच घेतला. त्याउलट १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ महिन्याच्या मध्यावर जरूर लावा. आशा काळेंच्या नायिकेला पछाडणारं भय तिथं माणसाच्या मनात आणि माणसांच्या वागण्यात शोधलं जातं. भयाची मजा पूर्ण मिळते आणि विवेकही जागा राहतो, हे वसंत जोगळेकरांनी तेव्हाच दाखवून दिलं. मुलांबरोबर बघत असाल तर त्यानंतर अर्धा तास बोला. भूत आहे का, यावर वाद घालू नका. कोण कुणाशी वाईट वागलं, हे त्यांना विचारा.

आणखी एक म्हणणं असतं की करमणुकीला एवढा अर्थ कशाला चिकटवायचा. चिकटवायचा नसेल तर नका चिकटवू, चित्रपट तरीही चालेल. पण भयपट निव्वळ दचकण्यासाठी बघितला तर त्याची ताकद पाच-सहा चित्रपटांत संपते, कारण दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि सवयीनं ती बोथट होते. दरवाजा करकरला, आवाज थांबला, आता मागून हात येणार, हे शरीर शिकून घेतं. गुंतवून ठेवतं ते दुःख, आणि अन्यायाची चीड. म्हणून हा क्रम करमणुकीच्याच सोयीचा आहे.

घरातल्या काही गोष्टी सांभाळा. मोठ्या पडद्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. मोबाइलच्या स्पीकरवर भयपट बघणं म्हणजे तो न बघणं. अपार्टमेंटमध्ये रात्री दहानंतर हेडफोन वापरा. पूर्ण अंधार नको, पाठीमागं एक मंद दिवा असू द्या, डोळ्यांनाही बरं. मुलांसाठी प्रमाणपत्र बघा. आता यूए मध्येही ७, १३ आणि १६ अशा वयाच्या पायऱ्या आहेत, आणि ‘तुंबाड’ तर केवळ प्रौढांसाठी आहे. झोपेतून दचकून उठणारं मूल असेल तर त्याच्यापुरता महिना तात्या विंचूवर थांबवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं आहे, तिथं हा बेत लादू नका. मित्रमंडळात असं कुणी असेल तर त्याला न दुखावता आधी सांगा की आज काय लावणार आहोत, आणि तो आला नाही तर टोमणा मारू नका. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला गेलेल्यानं परत यावं असं मनापासून वाटत असतं, आणि तेच पडद्यावर भेसूर होऊन आलेलं बघणं त्याच्या वाट्याला येऊ नये.

३१ ऑक्टोबरच्या रात्री रक्तामांसाचा चित्रपट लावायची पद्धत आहे. तुम्ही ‘काकस्पर्श’ लावा. महेश मांजरेकरांचा, २०१२ चा. कोकणातल्या ब्राह्मण घरातला धाकटा भाऊ लग्नानंतर लगेच जातो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही. थोरला हरी पुढं होतो, मेलेल्याला एक वचन देतो, आणि कावळा शिवतो. त्या वचनाखाली मागं राहिलेल्या उमाचं सगळं तारुण्य जातं, आणि हरीचंही. महिनाभर आपण मेलेल्यांचं देणं मोजत आलेलो असतो. इथं देणं फेडलं जातं, अगदी शब्दशः, आणि त्याची किंमत जिवंत बाई भरते. हॅलोविनच्या रात्री घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना इतके दिवस खोलीबाहेर ठेवलं त्यांना आज बोलवा, सगळे दिवे लावून बसा. या चित्रपटात भूत नाही.